भागूबाईचा ससा

दिवाळी सरली आणि ऊसतोडीला कोल्हारकडं निघताना भागूबाईनं आपला पांढरा ससा बौद्धवाडीत दीपाकडं आणून सोडला. "तुझ्याकडंबी हाय की एक. ह्यालाबी सांभाळ, पोरी," म्हणाली.

पहिल्याच दिवशी दोघे ससे असे भिडले, की दीपाच्या काळ्या सशाचा कान फाटला. तिनं खुराड्यात मधोमध जाळी ठोकली. याच्या अंगाखालचं गवत त्याला आणि त्याचं याला घालून वासाची सवय लावली. मग जाळीला लागूनच दोन्हीकडं घास टाकायला लागली, म्हणजे खाताना तरी तोंडं जवळ येतील. होळीच्या सुमाराला तिनं भीत भीत जाळी काढली. दोघे एकमेकांचं डोकं चाटत बसले, तेव्हा दीपाला रडूच फुटलं.

पाडवा झाल्यावर भागूबाई ससा न्यायला आली. उन्हातनं चालून तिचा घसा पार सुकला होता. अंगाला अंग लावून पडलेले ससे बघून ती हरखली, आपला ससा उचलून तिनं पोटाशी धरला. "लई जीव लावलास गं!"

दीपानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

भागूबाई दोन पावलं मागं सरली. "ऱ्हाऊ दे. पानी मी घरी जाऊनच पिईन. आमच्यातलं तुला ठावं हाय."

दीपाचं अंग पेटलं. तिनं तांब्या खाली ठेवला आणि भागूबाईच्या हातातनं ससा काढून घेतला.

"मग ह्यालाबी ऱ्हाऊ द्या, मावशी. ह्यो दिवाळीपासनं आमच्याच घरचं पानी पितोय."