सांबाराचा वाफा

१९६१ साली कमलाकांत वकिलांनी अमरावतीत, मोहल्ल्यामागच्या पडीक जागेवर सगळ्यांचा मिळून भाजीचा मळा काढला. वाफा ज्याचा त्याचा. विलायती खत कोणी घालायचं नाही. रविवारी सगळ्यांनी आपापली टोपली ओट्यावर ठेवायची आणि एकमेकांची भाजी फुकट न्यायची. उरेल ती मळ्याच्या खतखड्ड्यात. नाल्यापलीकडच्या वस्तीत राहणाऱ्या, बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या सुंदराबाईंना तर वकील स्वतः घरी जाऊन बोलावून आले. "आपल्या मळ्यात जातपात नाही," म्हणाले.

सुंदराबाईंनी कोथिंबीर लावली, म्हणजे आमच्याकडचा सांबार. तसा दाट, हिरवागार सांबार मळ्यात दुसऱ्या कोणाचा नव्हता. पहिल्या रविवारी वकिलांच्या पत्नी कुंदाताई टोपलीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "आज आहे हो घरी." मग हिवाळाभर सगळ्यांच्याच घरी सांबार होता. सुंदराबाई दर रविवारी भरली टोपली आपल्याच हातानं खड्ड्यात ओतून घरी जायच्या.

पुढच्या वर्षी पेरणीच्या आधी त्या वकिलांकडे गेल्या.

"साहेब, माहा वाफा आता दुसऱ्या कोनाले देऊन टाका."

वकिलांना मनापासून वाईट वाटलं.



"असं नका करू, सुंदराबाई. सगळेच म्हणतात, तुमच्या सांबारासारखं खत दुसऱ्या कशाचं होत नाही."