दोरीला लागलेला हात

आमच्या तोंडवलीत रापणीची जुनी रीत आहे. किनाऱ्यावरून जाळं ओढताना दोरीला ज्याचा हात लागला, त्याला माशांत वाटा.

त्या दिवशी पहाटेपासून दोरी ओढून आमचे तळहात सोलवटले होते, तेव्हा समाजाचे नेते सर्वेशभाऊ गाडीतून उतरले. भाऊ स्वतः दोन ट्रॉलरचे मालक, आणि त्यांचेच खलाशी पगारवाढीसाठी अडून बसलेले. पांढरी पँट दुमडून भाऊंनी दोरी धरली आणि फोटोवाल्याकडे बघत ओरडले, "मालक नि खलाशी ह्यो भेद भायरच्या लोकांनी घातल्यानी. आपण सगळे एकाच समाजाचे!"

टाळ्या आम्हीच वाजवल्या, त्याच सोलवटलेल्या हातांनी.

फोटो निघाला तशी भाऊंनी दोरी सोडली, गाडीतलं सॅनिटायझर मागवून हात चोळचोळून पुसले आणि निघून गेले.

जाळ्यात आलं काय, तर पाटीभर स्वस्तातली बारीक तारली आणि एकच सुरमई. हौसाबाई वाळूत बसून वाटे घालू लागली, तेवढ्यात भाऊंचा ड्रायव्हर पिशवी घेऊन परत आला.

 

"काकी, सुरमय ह्या पिशयेत घाल. भाऊंनी दोरयेक हात लावल्यानी नाय?"