डाग राहणार नाही

खरवड्याने लोखंडी पट्टी कागदाखाली घातली आणि जोर लावला. नखाएवढा तुकडा निघाला, त्याबरोबर भिंतीचा रंगही आला. बाकीचा पिवळा कागद होता तिथेच राहिला.

"भिंत स्वच्छ करून मिळेल. डाग राहणार नाही. फोन करा." खाली एक अनोळखी नंबर. कागद तळहाताएवढा, छपाई एकाच रंगाची, पण मस्ती बघा. भिंत घाण करणाराच ती स्वच्छ करून देणार होता. म्हणजे आधी चावायचे आणि मग औषध विकायचे.

विनापरवाना लावलेले कागद काढणे हे खरवड्याचे काम. आठ वर्षे तो नगरपालिकेत रोजंदारीवर हेच करत होता आणि सगळा रस्ता त्याला याच नावाने ओळखत होता. कायम होणाऱ्यांच्या यादीत या महिन्यात पहिल्यांदा त्याचे नाव लागले होते. नेमका याच महिन्यात हा पिवळा रोग आला. मुकादमाने स्वच्छ शब्दांत सांगितले होते की महिनाअखेर रस्ता साफ दिसला तर नाव वर जाईल, नाहीतर कटेल.

त्याला सगळ्यात जास्त राग यायचा तो जागांचा. खांबाची भिंतीकडची बाजू, शटरची मागची कड, गुडघ्याखालची जागा, जिथे वाकून खरवडताना कंबर धरते. हे बाहेरच्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. आणि ती खळ! पिठाची साधी खळ पाण्याने सुटते. तिच्यात सरस आणि चिमूटभर तुरटी पडली की ती पाण्याला दाद देत नाही. आठ वर्षांत कमावलेले हे ज्ञान त्याने जगात एकाच माणसाला सांगितले होते. कोपऱ्यावरच्या पेंटरला.

पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. छापील पाट्या आल्यापासून तो माशा मारत बसला होता. रिकाम्या माणसाला नसते उद्योग सुचणारच, असे खरवड्याच्या मनाने घेतले.

घरी आल्यावर त्याने पट्टी कोपऱ्यात भिरकावली. घरभर आंबूस वास होता. बायको म्हणाली, व्हिनेगरने काचा पुसल्या. तिने चहा टाकला आणि तो सुरू झाला. कोणता कागद कुठे होता, कसा निघाला नाही, त्या हरामखोराच्या हातांना काय व्हायला हवे, सगळे. हे रोजचेच होते. ती दुधाकडे लक्ष ठेवून मध्येच "असं होय" म्हणायची. कधी विचारायची, मग कोणता निघतच नाही? तोही सांगायचा. बायकोशी बोलणे त्याच्या लेखी बोलण्यात जमा नव्हते.

दोन वर्षांपूर्वी तिनेही कसल्याशा धंद्याचे खूळ डोक्यात घेतले होते. "जाहिरातीशिवाय धंदा चालत नाही आणि जाहिरातीला पैसा लागतो. तुला कोण ओळखतं?" असे त्याने विचारले आणि तो विषय तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवशी त्याने भर रस्त्यात तो नंबर लावला. फोन उचलला गेला, पण पलीकडून कोणी बोलले नाही. खरवड्याने समोरच्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. समोरच्याने सगळे ऐकून घेतले आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी चहात साखर नव्हती. बायको म्हणाली, विसरले.

रविवारी त्याला सुट्टी. बायको नेहमीप्रमाणे बहिणीकडे गेली, तो दिवसभर लोळला. सोमवारी खुद्द नगरपालिका कार्यालयाच्या फाटकावर बारा पिवळे कागद होते. खरवड्याचे डोके फिरले. तो तडक पेंटरकडे गेला आणि त्याची शिडी लाथ घालून मोडली.

"खळीचं तुला सोडून कोणाला सांगितलं नव्हतं मी."

पेंटर मोडलेल्या शिडीकडे बघत राहिला. "मला कधी सांगितलंस? तू बोलायला लागलास की मी रंग ढवळत बसतो. तुझं ऐकतं कोण?"

यावर खरवड्याने हातच उगारला. लोकांनी त्याला ओढून बाजूला नेले.

मुकादम मात्र रागावला नाही, आणि तेच वाईट होते. रस्त्यावरच्या सात दुकानदारांनी त्या नंबरवर फोन केला होता. सातही भिंती रविवारीच लख्ख झाल्या होत्या. आता साहेबांनीही फोन करायला लावला होता. फाटक साफ करून दाखवले की वर्षाचा ठेका त्यांनाच.

"आणि मी?" खरवड्याने विचारले.

"ठेकेदाराला विचार. हाताखाली माणसं लागतील."

खरवड्या पट्टी मुठीत धरून फाटकाशी उभा राहिला. आठ वर्षे एका कागदाने खाल्ली होती. आज त्या माणसाचे तोंड बघायचे, मग जे होईल ते होवो.

अकराच्या सुमाराला समोरून त्याची बायको आली. हातात पिशवी होती. सकाळच्या घाईत डबा घरीच राहिल्याचे त्याला तेव्हा आठवले. त्याने हातानेच खूण केली, आत्ता नको, नंतर.

ती त्याच्या बाजूने पुढे गेली. पिशवीतून थर्मास काढून तिने फडके भिजवले आणि पहिल्या कागदावर दाबून धरले. ओळखीचा आंबूस वास सुटला. ती घाई न करता उभी राहिली. मग तिने टोक धरून कागद उचलला. तो अखंड निघाला, खाली रंगाला ओरखडाही नव्हता.

मुकादम खूश झाला. एवढी नामी जाहिरात सुचली कुठून, असे त्याने बाईंना विचारले.

"जाहिरातीला पैसा लागतो म्हणे, तो माझ्याकडे नव्हता," फडके पिळत ती म्हणाली. "पण रोज संध्याकाळी कपभर चहा पाजला की घरीच शिकवणी मिळायची."