खोलीभर वाजणारा अँप्लिफायर

कानात बसवलेल्या मण्यातून प्रत्येकाला आपापल्या मनासारखं संगीत ऐकू येऊ लागलं, त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती. रेवती आणि सौमित्र रोज संध्याकाळी एकाच झोपाळ्यावर बसत, पण ती काय ऐकतेय हे त्याला कधी कळत नसे आणि त्याचं तिला.

म्हणूनच मिरजेतल्या एका दुकानात स्पीकर आणि रेकॉर्ड प्लेअरसकट जुना अँप्लिफायर दिसला, तेव्हा रेवतीचा पाय तिथून निघेना.

"आजी, हा तुमचं मन ओळखत नाही हं," दुकानदारीण म्हणाली. "लावाल तेच वाजणार, आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येणार."

"मग हाच द्या," रेवती म्हणाली.

घरी सौमित्रच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मला नाही आवडलं तर?"

"तर दोघं मिळून नावं ठेवू. आधी तो मणी काढ."

त्याने कुरकुरत मणी काढला. रेवतीने सतारवादनाची जुनी रेकॉर्ड लावून बटण फिरवलं. सूर थेट समोरून आले, तसा सौमित्र दचकलाच. मग हळूहळू त्याची बोटं झोपाळ्याच्या कडीवर ताल धरू लागली. रेवती सतार ऐकता ऐकता त्याच्याकडेच पाहत होती. लय चढत गेली, सतार तबल्यापुढे धावली, आणि ती झोकात समेवर आली तेव्हा नवराबायकोच्या तोंडून एकाच क्षणी "वा!" निघालं.

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले.

"तुलाही तीच जागा आवडली?" त्याने विचारलं.

"तीच!" ती हसत सुटली.

"मग हा आता जन्मभर इथेच राहणार," तो डोळे पुसत म्हणाला. "लाव बघू पुन्हा, पहिल्यापासून."