पौषातली राखी

"अश्विनी, तुझी नणंद त्या सरांच्या गाडीवरून लई येळा उतरती नाक्यावर. ध्यान ठेव बाई."

शेजारच्या गोजरबाई नळावर असं म्हणाल्या, तेव्हा अश्विनी हसली होती. "अहो काकू, राखी बांधलीय तिनं सरांना. भाऊ आहेत ते तिचे."

आज मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला आत बोलावलं. नणंदेला, समृद्धीला, तिसरा महिना होता. कडेवरचा तिचा लेक समर्थ रडायला लागला, तरी अश्विनीला ते ऐकूच येईना.

संस्थेचा नियम कडक होता. प्राध्यापक आणि विद्यार्थिनी यांच्याबद्दल काही कानावर आलं, की प्राचार्य दोघांना केबिनमध्ये बोलवायचे आणि मुलीकडून प्राध्यापकाला राखी बांधून घ्यायचे. समृद्धीनं बांधली ती पौषात. त्या दिवसांत बाजारात राखी कुठली? शिपायानं देवळाजवळून लाल दोरा आणला. स्टाफला पेढे वाटले. त्यानंतर भूगोलाचे सर हक्कानं घरी यायला लागले. अश्विनी त्यांना पाट मांडून जेवायला वाढायची. समृद्धी सहलीला निघाली, की तिचा थोरला भाऊ अमृत म्हणायचा, "सर हायेत ना संगं? मग कशाला काळजी!"

दवाखान्याबाहेर बाकावर समृद्धी पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होती.

"मला तरी सांगायचंस गं."

"काय सांगू वहिनी? भावावर आळ घेते म्हणाले असते सगळे. तुम्हीसुद्धा."

अश्विनीनं तिला हाताला धरून उठवलं.

तिला घरी सोडून अश्विनी तशीच कॉलेजात गेली. प्राचार्यांनी पंखा वाढवला, पाणी मागवलं.

"ताई, आम्ही नातं लावून दिलं तिथंच प्रकरण मिटलं. आता भावाविरुद्ध तक्रार कशी घेऊ? मुलीचं नाव आम्ही गुपचूप कमी करतो. तुमच्या घराचीही अब्रू राहील."

"आणि सर?"

"त्यांची सुट्टीतच बदली झाली. जुन्नरकडच्या आपल्या कॉलेजात."

अश्विनीनं एसटीडी बूथवरून तिकडच्या कॉलेजला फोन लावला. क्लार्कनं सगळं ऐकून घेतलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, तुमी निर्धास्त ऱ्हावा. हितं बी जरा कुजबुज झाली व्हती. पण सायबांनी लगेच मिटवलं. कालच एका पोरीनं राखी बांधली सरांना."

"कोणती पोरगी? भाऊ, नाव सांगा तिचं!"

"येडगावची हाय. नाव न्हाई सांगता यायचं." फोन ठेवला गेला.

अश्विनीला येडगावला जायचं आहे. पण समृद्धी दुपारपासून भिंतीकडे तोंड करून पडली आहे आणि अश्विनी दाराला आतून कडी लावू देत नाही म्हणून तिच्यावर चिडते आहे. तिला एकटं सोडून हलता येत नाही. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल, तिथं तुमचं कुणी असेल, तर कॉलेजला जाणाऱ्या त्या मुलीचं घर शोधा. घरचे चहा देतील, सगळं ठीक आहे म्हणतील. तिला एकटीला भेटल्याशिवाय उठू नका.