आदरार्थी ‘आपल्या’
मुलीच्या विवाहासाठी स्वहस्ते मुरवलेल्या द्राक्षमद्याची तीन पिंपे गाडीत घालून मी शेजारील देशाच्या सीमेवर पोहोचलो, तेव्हा तपासणीला खुद्द वधूच गणवेशात उभी होती. अपरिचितासारखा चेहरा करून तिने विचारले, “हे मद्य आपल्या वापरासाठी आहे काय?” मी हर्षभराने उद्गारलो, “अगं, आपल्याच! तुझ्याच लग्नाचं!” तिचे सहकारी खो-खो हसले, ती हसली नाही. “ते ‘आपल्या’ आदरार्थी होतं, बाबा. प्रवाशाला दोनच पिंपं आणता येतात. तिसरं परत न्या.” “लग्नात अपुरं पडलं तर माझं नाक कापलं जाईल!” “आणि तुम्हाला सोडलं तर माझं.” लग्नासाठी दोन पिंपे तिथेच उतरवून मी तिसऱ्यासह गाडी वळवली. मागच्या ट्रकचालकाने टोमणा मारला, “काय काका, सख्ख्या लेकीनं अडवलं?” मी छाती फुगवून म्हणालो, “आता तुझी पाळी. जपून रे, पोरगी माझी आहे!”