पाचवं टेबल

"बावीस इंच," ती म्हणाली आणि तिने टेप गुंडाळली. "एका बाईला कोपर हलवायला बावीस इंच लागतात. तुमच्याकडे जेमतेम अठरा येतायत."

वेटर आधी टेबलाकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिला. मेनू मागायच्या आधी टेबल मोजणारं गिऱ्हाईक त्याने आजवर पाहिलं नसावं. पण ती पडली शिवणकाम करणारी. वीस वर्षांच्या मुलीपासून साठीच्या बाईपर्यंत कोणाला किती जागा लागते, हे तिला नजरेनेही सांगता आलं असतं. तरी टेप लावल्याशिवाय तिचं समाधान होत नसे.

सकाळपासून डोंगरातल्या या गावात तिचं हे चौथं रेस्टॉरंट होतं. पुढच्या शनिवारी नवरी धरून नऊ बायका इथे येणार होत्या, दोन दिवस लग्नाआधीची मौज करायला. हल्ली याला बॅचलरेट म्हणतात. बरोबर सहा वर्षांची चिऊही असणार होती, कारण रात्रीची चिऊ मावशीला, म्हणजे हिला, सोडून कुठे राहत नसे. निम्म्याजणी एकमेकींना ओळखत नव्हत्या. वेगवेगळ्या टेबलांवर बसवलं, की त्यांचे तीन घोळके होणार आणि नवरी तिन्हीकडे हसत, धावपळ करत उपाशी राहणार, हे ठरलेलं. म्हणून टेबल एकच हवं होतं.

पहिल्या ठिकाणी जिने फार होते. दुसऱ्या ठिकाणी गाणी इतक्या मोठ्याने लावलेली, की शेजारणीशीही खुणेने बोलावं लागलं असतं. तिसऱ्यांकडे सगळी टेबलं जमिनीला ठोकलेली, चौघा-चौघांची. आणि इथे चार इंच कमी. नाचता येईना अंगण वाकडं, हे तिचं तिलाही कळत होतं. कारण योग्य जागा कुठली, ते तिला घरून निघतानाच ठाऊक होतं. फक्त तिकडे पाय वळत नव्हते.

शेवटी वळले. चढाच्या टोकाला निळ्या दाराचं ते जुनं रेस्टॉरंट अजून तसंच होतं.

बारा वर्षांपूर्वी ताईने तिला इथे आणलं होतं. मैत्रिणीकडे अभ्यासाला जातो, अशी घरी थाप मारून. धुक्यात वाट चुकून दोघी गवतातून चालत आल्या तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजल्या होत्या. ताईने आत आल्याआल्या मोजे काढले आणि खुशाल शेगडीजवळच्या खुर्चीवर वाळत घातले. सूप आळणी लागलं, तर वाटी घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरली. ही लाजेने लालेलाल. पण ताई जवळ असली, की तिला जगात कशाचीच भीती वाटत नसे. पुढे चार वर्षं दोघी दर हिवाळ्यात इथे आल्या. मग येणं सुटलं.

"आठ वर्षांनी उगवलीस!" मालकीणबाई गल्ल्यामागून म्हणाल्या. "आणि ती कुठाय? मोजेवाली?"

"तुम्हाला आठवते?"

"न आठवायला काय झालं? माझ्या पातेल्यात स्वतःच्या हाताने मीठ घालणारी बाई पुन्हा नाही आली कोणी."

ती हसली. मग कामाचं बोलली. "शनिवारी बॅचलरेट आहे. नऊ जणी आणि एक पोर."

"अगं बाई!" मालकीणबाईंनी टाळीच वाजवली. "नवरा मुलगा धड आहे ना? नाही म्हणजे, तिला पुरून उरणारा हवा."

"भाऊजी फार चांगले आहेत," ती टेप उलगडत म्हणाली.

"लग्नाआधीच भाऊजी?"

"सवय झालीय."

खिडकीशेजारचं लांब टेबल तिने मोजलं. एकशे दहा इंच. एका बाजूला पाच, समोर पाच. तसूभरही कमी नाही. खुर्च्या हलक्या, जिना नाही, आवाज नाही. नाव ठेवायला कुठेच वाव नव्हता, आणि त्यानेच तिचं डोकं फिरलं.

ती टेबलाशी बसली. शनिवारी इथे नऊ जणी खिदळतील, फोटो काढतील. त्यानंतर हे निळं दार आठवलं, की तिला त्याच दिसतील. ओल्या पायांनी स्वयंपाकघराकडे निघालेली ताई मागे पडेल. तिला ही जागा कोणालाच द्यायची नव्हती. कद्रूपणा तर कद्रूपणा. खाली चौकात आणखी एखादं रेस्टॉरंट असेल, जेवण बेताचं असलं तरी चालेल, असं तिने ठरवलंसुद्धा.

तेवढ्यात नवरीचा फोन आला.

"मिळालं का गं? नसेल तर कुठेही चालेल. उगाच तंगडतोड नको करूस."

"एक आहे. मापात बसतंय."

"मग?"

"मग काही नाही. बघते अजून."



"एक विचारायचं होतं," नवरी हळूच म्हणाली. "तू नाहीस म्हणून आज चिऊला शाळेतून मीच आणलं. फाटकातून पळत येताना तिने मला 'आई' म्हणून हाक मारली. मला काही सुचेना, मी ऐकूच न आल्यासारखं केलं. ताईला जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून तिने ती हाक कोणालाच मारलेली नाही ना? तुझे भाऊजी म्हणाले, मला नको विचारूस, चिऊच्या मावशीला विचार. सांग ना, काय करू मी?"

तिने मालकीणबाईंना शनिवारसाठी टेबल राखून ठेवायची खूण केली.

"ओ दे तिला," ती म्हणाली.